बादलीला सांडवा हवा: गुहागर तालुक्यातल्या एका परसबागेचं प्रकरण

स्वयंसिंचित कुंडीची रचना सोपी आहे. तळाशी पाण्याचा साठा, वर मातीचं मिश्रण आणि दोघांना जोडणारी वात. वरचं मिश्रण सुकत जातं तसं खालचं पाणी चढत राहतं, झाडाला लागेल तेवढं मिळतं, रोज झारी घेऊन फिरावं लागत नाही. चिपळूणजवळ मी रोपवाटिका चालवतो. फेब्रुवारी उजाडला, विहिरींची पातळी उतरू लागली की रोपं न्यायला येणारे बरेच जण हाच विषय काढतात. काहींच्या घरी फक्त म्हातारी माणसं असतात, काहींना महिना-पंधरा दिवस मुंबई-पुण्याला जायचं असतं. त्यांना सांगण्यासारखं मी जे काही शिकलो, त्यातलं बरंचसं एकाच घरी शिकलो. म्हणून ते प्रकरण सविस्तर लिहितो.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. कोकणात या कुंडीचं यश वातीवर किंवा साठ्याच्या आकारावर फारसं अवलंबून नसतं. जादा झालेलं पाणी बाहेर पडायला वाट आहे का, यावर असतं. धरणाला सांडवा लागतो, तसा बादलीलाही लागतो.

घर आणि गरज

घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून जवळ. काका निवृत्त शिक्षक, काकू सत्तरीच्या. मागीलदारी नारळी-पोफळीचं आगर, त्याला पंपाने शिंपणं होतं. पण माडांच्या सावलीत टोमॅटो-मिरचीला पुरेसं ऊन मिळत नाही, त्यामुळे भाजी घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात. खळं आता सिमेंटचं आहे. त्याच्या कडेच्या वाफ्यांत वीतभर लाल माती आणि खाली जांभा. पलीकडे समुद्राच्या बाजूला सगळी पुळण, म्हणजे रेताड जमीन. पाणी धरून ठेवणं दोघींच्याही स्वभावात नाही.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात पाण्याची ओढ का, असं घाटावरची माणसं विचारतात. पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये येतो आणि जांभ्यातून झरून निघून जातो. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने विहिरीवर काढायचे असतात. एप्रिलमध्ये भरात आलेला टोमॅटो दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी सहज पितो. बारा झाडं म्हणजे रोज वीसेक लिटर, तेही सकाळ-संध्याकाळ विभागून. काकूंचे गुडघे आता तेवढ्या फेऱ्या सोसत नाहीत. त्यात मे महिन्यात दोघं पंधरा दिवस पुण्याला मुलाकडे जातात. शेजारी पाणी घालतात, पण एखादा दिवस चुकतोच, आणि मेच्या उन्हात टोमॅटोला एक चुकलेला दिवस पुरतो.

यावर आधी बाटल्यांचा उपाय करून झाला होता. बुचाला भोक पाडून उलटी खोचलेली बाटली एकतर तासाभरात रिकामी होते, नाहीतर भोकात मातीचा कण अडकून तशीच भरलेली राहते. सलाईनच्या नळ्या लावल्या की पाणी जसं कमी होतं तशी धार मंदावते, आणि दोन दिवसांनी कुठल्या झाडाला किती मिळालं हे कळतच नाही. या दोन्हींवर जास्त लिहीत नाही.

मडक्याबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे, कारण ते त्या घरी आजही चालू आहे. दोडकीच्या आळ्यात मधोमध पाच-सहा लिटरचं साधं भाजलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरलं आहे, तोंडावर करवंटी. मडक्याच्या भिंतीतून पाणी झिरपतं. भोवतालची माती ओली असली तर हळू, सुकी असली तर जास्त. रंग दिलेलं किंवा चकाकी केलेलं मडकं यासाठी निरुपयोगी, त्याची छिद्रं बुजलेली असतात. दोन-तीन हंगामांनी क्षारांनी भिंत बुजते, मग मडकं बदलायचं. जमिनीत वेल लावायचा असेल तर याहून चांगली सोय माझ्या पाहण्यात नाही. पण सिमेंटच्या खळ्यात मडकं पुरणार कुठे? म्हणून बादल्या आल्या.

पहिली मांडणी

रंगाच्या वीस लिटरच्या पांढऱ्या बादल्या काकूंच्या मुलाने बारा आणल्या. तो पुण्यात इंजिनियर आहे आणि हाताने काम करण्याची त्याला खरी हौस आहे. प्रत्येक बादलीत तळापासून दहा सेंटिमीटरवर भोकं पाडलेली ताटली बसवली. ताटलीच्या मध्यातून एक भोकाभोकांचा प्लास्टिकचा डबा खाली पाण्यात उतरवला आणि त्यात मिश्रण ठासून भरलं. हीच वात. कापडाची वात करणारे खूप आहेत, पण सुती कापड आपल्या हवेत एका हंगामात कुजतं. मिश्रणाचाच खांब पाण्यात उतरवलेला बरा.

मग सगळ्या बादल्या तळाशी सोळा मिलिमीटरच्या लॅटरलने, म्हणजे ठिबकच्या नळीने, एकमेकींना जोडल्या आणि एका टोकाला छोटी टाकी ठेवून तिच्यात फ्लोट बसवला. पातळी उतरली की फ्लोट खाली जाणार, पंपाच्या टाकीतून पाणी येणार, पातळी आली की बंद. कोणी घरात असो वा नसो. फ्लोट असल्यामुळे बादल्यांना वेगळी सांडव्याची भोकं पाडली नव्हती.

मिश्रण दोन प्रकारचं झालं. टाकीकडून दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या बादलीत खळ्याच्या कडेच्या जुन्या वांग्याच्या वाफ्यातली लाल माती, शेणखत आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. ती माती संपली म्हणून बाकीच्यांत विकत आणलेली माती. हा तपशील तेव्हा कुणालाच महत्त्वाचा वाटला नव्हता, पण पुढे तोच कामी आला.

लावणी जानेवारीत झाली: टोमॅटो, वांगी, लवंगी मिरची. रोपं माझ्याकडचीच. पहिले काही आठवडे झाडांनी असा जोर धरला की वाडीतले लोक बघायला आले.

खालच्या टोकाची झाडं

फेब्रुवारीच्या मध्याला काकूंचा फोन आला. "बादलीत पाणी आहे, माती ओली आहे, तरी झाडं मान टाकतायत. मी वरूनही घालून पाहिलं. तू येऊन जा बाबा."

टाकीजवळची झाडं छान होती. दुसऱ्या टोकाच्या चार बादल्यांमधली झाडं पिवळी पडून लोंबत होती. एक मिरची उपटली. मुळं तपकिरी, बोटांत धरली की साल निसटून आत पांढरा दोरा उरत होता, आणि मातीला गटारासारखा वास. टोमॅटोच्या खोडाला जमिनीच्या वर बारीक पांढरे फोड आले होते. खाली मुळांना हवा मिळेनाशी झाली की टोमॅटो खोडावरच नवी मुळं काढायला बघतो.

मुळांना ऑक्सिजन लागतो, आणि तो हवेतून जितका सहज पसरतो त्याच्या दहा हजारपट हळू पाण्यातून पसरतो. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मूळ गुदमरतं. गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून झाड पाण्यात उभं असूनही तहानल्यासारखं दिसतं. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, तो आणखी घालतो. माझ्याकडे येणाऱ्या मेलेल्या कुंड्यांच्या तक्रारींत हे चक्र सर्वात जास्त आढळतं, आणि त्यात घालणाऱ्याचा दोष नाही. मान टाकलेल्या झाडाला पाणी द्यावं हेच आपण लहानपणापासून शिकलेलो असतो.

पण चारच बादल्यांत का? उत्तर पायाखाली होतं. प्रत्येक खळ्याला पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून उतार असतो. इथे दर मीटरला साधारण सेंटिमीटरभर. बारा बादल्यांची रांग सात मीटरची, म्हणजे दोन टोकांत सात सेंटिमीटरचा फरक. जोडलेल्या भांड्यांत पाणी सगळीकडे एकाच पातळीला येतं, त्याला बादली कुठे ठेवली आहे याच्याशी देणंघेणं नसतं. फ्लोट लावताना टाकीजवळची, म्हणजे वरच्या टोकाची बादली बघून पातळी धरली होती. तिचा साठा दहा सेंटिमीटर भरला की खालच्या टोकाच्या बादलीत पाणी सतरा सेंटिमीटरवर. ताटलीच्या वर सात सेंटिमीटर मिश्रण पाण्यात बुडालेलं, आणि त्याच्या वरचंही वातीच्या गुणाने चिंब. मुळांना हवेशीर जागा उरली ती फक्त वरची चार बोटं.

प्रत्येक बादलीला ताटलीच्या जरा खाली एक भोक असतं तर जादा पाणी खळ्यात वाहिलं असतं, ओघळ दिसला असता आणि दुसऱ्याच दिवशी पातळीचा घोळ लक्षात आला असता. भोक नसल्यामुळे पाणी आतच चढलं आणि कुणाला दिसलं नाही.

गवंड्याची लेव्हलची नळी आणून खालच्या बादल्यांखाली जांभ्याचे तुकडे आणि लाद्या रचल्या, सगळ्या एका पातळीला आणल्या. प्रत्येक बादलीला नऊ सेंटिमीटरवर करंगळी जाईल एवढं भोक पाडलं. मेलेल्या झाडांच्या जागी नवीन रोपं लावली आणि मार्चचे पहिले आठवडे बरे गेले.

ग्लासातलं पाणी

मग तिसऱ्या बादलीतलं वांगं गेलं. या वेळी पानं पिवळी झाली नाहीत. हिरवीगार पानं दुपारी लोंबली, संध्याकाळी सावरली, दुसऱ्या दुपारी पुन्हा लोंबली आणि त्यानंतर उठलीच नाहीत. त्याच आठवड्यात चौथीतला टोमॅटो, मग पाचवी, सहावी. टाकीच्या बाजूची पहिली बादली मात्र ठणठणीत.

काकूंना म्हटलं, एक काचेचा ग्लास स्वच्छ पाण्याने भरून द्या. मेलेल्या वांग्याचं खोड जमिनीलगत कापलं, बोटभर लांबीचा तुकडा घेतला आणि ग्लासाच्या काठावर दोऱ्याने असा टांगला की कापलेलं तोंड जेमतेम पाण्यात बुडेल. ग्लास हलवायचा नाही. ओटीवर उन्हाच्या तिरिपेत ठेवला. दोन-तीन मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधासारखे पांढरे धागे सुटले आणि सरळ खाली उतरू लागले, तळाशी जाऊन पसरू लागले. थोड्या वेळाने सगळं पाणी गढूळ पांढरट झालं. काका चष्मा लावून बघत होते, ते म्हणाले, "हे सगळं झाडाच्या शिरांत होतं?" होय. राल्स्टोनिया सोलॅनॅसिएरम नावाचा जीवाणू पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत वाढतो आणि त्या चोंदवतो. जीवाणूजन्य मर. साध्या पाणथळपणाने किंवा बुरशीच्या मरीने झाड गेलं असेल तर ग्लासात असे धागे दिसत नाहीत. पैसा लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. वांगी-टोमॅटो लावणाऱ्या प्रत्येक कोकणी घरात ही परीक्षा माहीत असायला हवी.

आपल्या आम्लधर्मी, ओल्या आणि उबदार मातीत हा जीवाणू वर्षानुवर्षं टिकून राहतो. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली पिकं त्याला बळी पडतात, आणि एकदा लागण झालेलं झाड बरं करणारं औषध नाही. जुन्या वांग्याच्या वाफ्यात तो होता यात नवल नाही. तिथली वांगी आदल्या दोन वर्षी अशीच गेल्याचं काकूंना आठवलं. प्रश्न असा की ज्या बादल्यांत ती माती नव्हतीच, त्यांत तो पोचला कसा?

पाण्यातून. लॅटरलमधलं पाणी टाकीकडून दुसऱ्या टोकाकडे जातं, कारण पुढची झाडं ओढतात. आजारी मुळांतून जीवाणू साठ्यात उतरतात, साठा पुढच्या साठ्याला जोडलेला असतो. झाडं गेली ती प्रवाहाच्या क्रमाने, आणि प्रवाहाच्या उलट बाजूला असलेली पहिली बादली वाचली. शेतात एका वाफ्याचं पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडू नये म्हणतात, त्याचं कारण हेच. इथे तर सोळा मिलिमीटरच्या नळीने सगळ्या वाफ्यांची मुळं एकाच पाण्यात बुडवली होती.

यावर माझं मत ठाम झालं: वांगी-टोमॅटो-मिरचीच्या बादल्या एकमेकींना जोडायच्या नाहीत. मुलाला हे पटायला वेळ लागला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जोडणी काढली तर फ्लोट गेला, फ्लोट गेला तर आईच्या फेऱ्या परत आल्या, मग एवढा खटाटोप कशासाठी? पण काकूंनीच निर्णय दिला. "एक झाड गेलं तर एक जाऊ दे. सगळी रांग जायला नको."

सुटी बादली

सगळं रिकामं केलं. जीवाणू लागलेली माती आणि झाडं घरापासून दूर खड्ड्यात पुरली, खतात टाकली नाहीत. बादल्या, ताटल्या धुऊन ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवल्या.

नवीन मिश्रणात माती अजिबात नाही. कोकोपीट, चाळलेलं कुजलेलं शेणखत आणि भाताचा तूस, ढोबळ मानाने दोन-एक-एक. मिरचीच्या बादल्यांत तूस थोडा जास्त, कारण मिरचीला पाय ओले राहिलेले मुळीच खपत नाहीत. लाल माती खालून पाणी घेताना चिकट गोळा होते आणि हवा कोंडते. पुळणीची भरड रेती उलट, तिच्यात पाणी पुरेसं वर चढतच नाही. काथ्याच्या भुशाचे कण पाणीही धरतात आणि मधे हवेला जागाही ठेवतात.

कोकोपीट विकतची वीट आणून करता येतं. पाच किलोची वीट भिजवली की साठ-सत्तर लिटर होते. पण या घरी नारळाची सोडणं ढिगाने पडलेली असतात. वाळलेली सोडणं कुटून, चाळून भुसा करता येतो, फक्त तो ताजा वापरायचा नाही. त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, टॅनिनचा तांबडा अर्क असतो. काकूंनी भुशाची पोती मोकळ्या विणीची घेऊन पुढच्या पावसाळ्यात पागोळ्यांखाली ठेवली. चार महिन्यांच्या पाण्याने जे धुतलं गेलं, ते बादलीत भिजवून धुणं कुणालाच जमलं नसतं. आधी पोत्यांतून चहासारखं पाणी यायचं, गणपती येईपर्यंत ते नितळ झालं होतं.

सुट्या बादलीच्या साठ्यात पाच-सहा लिटर पाणी राहतं. एप्रिलमध्ये ते टोमॅटोला तीन दिवस, मिरचीला त्याहून जास्त पुरतं. भरण्यासाठी कडेने उभा पीव्हीसीचा तुकडा, त्यात थर्मोकोलचा बूड लावलेली बांबूची काडी. काडी वर आली की साठा भरलेला, खाली गेली की रिकामा. काकूंनी नियम असा ठरवला: काडी तळाला टेकली की लगेच भरायचं नाही, दुसऱ्या सकाळी भरायचं. मिश्रणात तोपर्यंत पुरेशी ओल असते, आणि रिकाम्या साठ्यात हवा खेळते. डासांचाही प्रश्न याने सुटतो. डेंग्यूचा एडिस डास सहसा स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. चार दिवसांतून एकदा कोरडा पडणारा साठा त्याच्या उपयोगाचा नाही. तरी नळीच्या तोंडाला टोपण आणि सांडव्याच्या भोकाला आतून बारीक जाळी हवीच.

राहिला मे महिन्यातला पंधरवडा. त्यासाठी निवडक चार बादल्या प्रत्येकी वेगळ्या टबात ठेवल्या. या बादल्यांच्या तळाला भोकं, प्रत्येक टबात आठ सेंटिमीटर पाणी आणि त्यातच वीस लिटरचा पाण्याचा जार विटांच्या तुकड्यांवर उलटा. पातळी जारच्या तोंडाखाली गेली की हवेचा बुडबुडा आत शिरतो आणि तेवढंच पाणी बाहेर येतं. कोंबड्यांना पाणी ठेवायच्या भांड्याचं तंत्र हेच. दिवसाला दीड लिटर धरलं तर जार आणि टब मिळून पंधरा दिवस निघतात. एक सावधगिरी मात्र घ्यायची. जार उन्हात तापला की आतली हवा फुगते आणि पाणी ढकलून देते. अर्ध्या रिकाम्या जारमध्ये दहा लिटर हवा असते. पहाटेच्या पंचवीस अंशांवरून ती चाळीसला गेली तर अर्धा लिटर पाणी नुसतं त्यानेच बाहेर येतं. म्हणून जारवर गोणपाट, आणि टबालाही ठरल्या उंचीवर सांडव्याचं भोक. टबाचं तोंड मच्छरदाणीच्या कापडाने बांधून घेतलं. बाकीच्या आठ बादल्या शेजाऱ्यांकडे, पण आता रोज नव्हे, तीन दिवसांनी एकदा. काका-काकू परतले तेव्हा सगळी झाडं उभी होती. दोन मिरच्यांची फुलं गळली होती, ती मेच्या उन्हात एरवीही गळतात.

मचूळ पाणी

एप्रिल संपता संपता मिश्रणावर पांढरी पापडी दिसू लागली, बादलीच्या कडेलाही. बाराव्या बादलीत लावलेल्या फरसबीच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या. विहिरीचं पाणी मेमध्ये मचूळ लागतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पिण्यासाठी ते वापरतही नव्हते. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरने मोजलं तर लिटरला आठशे मिलिग्रॅमच्या आसपास निघालं.

वरून पाणी घातलेल्या साध्या कुंडीत जादा पाणी तळातून निघून जातं आणि काही क्षार सोबत नेतं. स्वयंसिंचित कुंडीत पाणी एकाच दिशेने जातं: खालून वर. पाणी हवेत उडतं, क्षार वरच राहतात. हिशेब करा. दिवसाला दीड लिटर, साठ दिवस, म्हणजे नव्वद लिटर. लिटरला आठशे मिलिग्रॅमने सत्तर ग्रॅमच्या वर क्षार एका बादलीत. झाड त्यातले थोडे घेतं, बाकीचे साठतात. फरसबी क्षारांना सर्वात हळवी भाजी, मिरची त्यानंतर, टोमॅटो बराच सोसतो, आणि चवळी त्याहूनही काटक. समुद्रकाठच्या विहिरीवर उन्हाळ्यात फरसबीचा हट्ट धरू नये, चवळी लावावी.

उपाय सांडव्यातूनच निघाला. बादलीला अगदी तळाशी आणखी एक भोक पाडलं आणि रबरी बूच लावलं. तीन आठवड्यांतून एकदा बूच काढायचं आणि वरून सावकाश पंधरा लिटर पाणी सोडायचं. मचूळ पाणीही चालतं, कारण साठलेल्या क्षारांपेक्षा ते सौम्यच असतं. पापडी आधी खरवडून काढायची, नाहीतर ती विरघळून पुन्हा आतच जाते. नंतर बूच लावून साठा भरायचा आणि शेणखताचं पाणी द्यायचं, कारण धुण्यात अन्नद्रव्यंही गेलेली असतात.

पाऊस

एप्रिलमध्ये ज्या गुणासाठी ही कुंडी करायची, जुलैत तोच गुण झाडाच्या मुळावर येतो. पावसाळी हवेत बाष्प भरलेलं, आभाळ झाकलेलं, झाड पाणी ओढतच नाही. ओढत नाही म्हणून साठा उतरत नाही, उतरत नाही म्हणून हवा शिरत नाही. वरून पाऊस चालूच. तीस सेंटिमीटर तोंडाच्या बादलीत शंभर मिलिमीटर पावसाने सात लिटर पाणी पडतं, आणि आपल्याकडे आषाढात शंभर मिलिमीटरचे दिवस येतच असतात. बादली पागोळीखाली असली तर विचारायलाच नको. करंगळीएवढं भोक एवढं पाणी सहज बाहेर टाकू शकतं, पण काथ्याचे तंतू आणि नवी मुळं त्याच्या जाळीत अडकतात आणि भोक बंद होतं. पहिल्या पावसाळ्यात दोन बादल्या अशाच भरून राहिल्या.

म्हणून आता मृगाच्या सुमाराला सगळ्या बादल्यांची तळाची बुचं निघतात आणि पाऊस ओसरेपर्यंत लागत नाहीत. या काळात ती साधी कुंडी असते, स्वयंसिंचित नसते. सांडव्याच्या भोकात दर आठवड्याला काडी फिरवायची. पावसाळी भाजी तशीही जमिनीतच चांगली होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कोकण तारा कारली आणि कोकण हरिता दोडकी उंच भरावावर लावून मांडवावर चढवल्या की बादलीची गरज पडत नाही.

अपवाद एकच, अळूचा. अळवाला साचलेलं पाणी चालतं, आवडतंही. काकूंनी तीन बादल्यांची बुचं मुद्दाम ठेवली आणि त्यांत वडीच्या अळवाचे कांदे लावले. जुलैत त्यांची पानं सुपाएवढी झाली, आणि श्रावणातल्या वड्यांना बाहेरून पान आणावं लागलं नाही. याच बादल्यांत उन्हाळ्यात पुदिनाही चांगला येतो. लाल माठाला पसरट, उथळ टब बरा. मुळ्याचा नाद सोडला: खालच्या ओलीत पोचलेलं टोक फाटतं आणि मुळा आखूड राहतो.

पुढच्या हंगामासाठी

टोमॅटोत बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण लावायचा ठरला आहे. जीवाणूजन्य मर तो चांगली सोसतो. संकरित असल्याने त्याचं बी घरी धरून उपयोग नाही, दरवर्षी रोप घ्यावं लागेल. वांग्याची रोपं रानटी वांग्याच्या खुंटावर कलम करून देतो आहे. जुन्या वाफ्यात वांग्याच्या कुळातलं काही वर्षं काहीच लावायचं नाही, तिथे चवळी आणि माठ. त्याआधी एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवायचा आहे. वाफ्यावर पालापाचोळा जाळून भाजवळ लावण्यापेक्षा हे बरं, धूर नाही आणि पालापाचोळाही खताला उरतो.

मुलाने फ्लोट आणि टाकी काढून घेतली नाही. ती आता अळवाच्या तीन बादल्यांना आणि पुदिन्याला जोडली आहे. तिथे मर रोगाचा धोका नाही आणि पाणी जास्त झाल्याची तक्रारही नाही. बाकीच्या बादल्यांची बुचं पावसाळ्यात हरवत, म्हणून प्रत्येक बूच नायलॉनच्या दोरीने त्याच बादलीच्या कडीला बांधलं आहे. वेगवेगळ्या भोकांना वेगवेगळ्या मापाची बुचं झाली आहेत, आणि ऑक्टोबरात जोड्या जुळवण्यात काकूंचा अख्खा दिवस जात असे.